जज्जकाकांचा गडगा

निकाल द्यायला जगात सगळ्यात जास्त घाबरणारा माणूस शोधायला कोणी निघालं असतं, तर त्याचा शोध आमच्या शेजारच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, संपला असता. आणि सरकारने नेमकं त्याच माणसाला जन्मभर निकाल द्यायच्या खुर्चीवर बसवलं. आमच्याच वाडीत जन्मले, मालवणात शिकले, मुंबईला वकील झाले, कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत जज्ज होऊन शेवटी हायकोर्टात पोचले आणि निवृत्त होऊन आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत परत आले. तेव्हा अख्ख्या वाडीत एकच फोन होता. सगळे त्यांना जज्जसाहेब म्हणत. मी जज्जकाका म्हणायचे, तेही मनातल्या मनात, कारण मला मोठ्या माणसांसमोर तोंड उघडायची सवय नव्हती.

दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय काका कशावरच बोलत नसत. मासेवाली टोपली उतरवून विचारायची, "बांगडो देव की सरंगो?" काका चष्मा लावून दोन्ही मासे उलटसुलट बघत आणि म्हणत, "निकाल राखून ठेवतो." ती टोपली उचलत म्हणायची, "सायबानू, तुमचो निकाल लागासर बांगडो कुसान जायत!" मग त्या दिवशी त्यांच्याकडे डाळभात असायचा. एकदा मांजराने शेगडीवरचा मासा पळवला. काकू झाडू घेऊन धावल्या, तर काका मधे आडवे. "शेगडीवर झाकण होतं का? मग मांजराची बाजूही विचारात घ्यायला हवी." काकू सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हासुद्धा पोहे खाल्ले आणि निकाल राखून ठेवला हो! आषाढात बघून गेले, होकार दिवाळीला आला. माझे वडील निम्मे झाले तोवर." पण ह्याच काकू कधीतरी हळू आवाजात हेही सांगायच्या, की कोर्टात एखादी बाई घाबरून गप्प राहिली तर काका तिला पाणी द्यायला लावत आणि नुसते थांबत. वकील घड्याळं बघत, काका छताकडे बघत, आणि ती बाई शेवटी बोलायची.

ह्या सवयीपायीच गडग्याचं प्रकरण झालं. त्यांच्या आणि आमच्या आवारामधून समुद्रावर जाणारी वाट आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी आमची होडी त्या वाटेने ओढून घरामागच्या मांगराच्या छपराखाली ठेवायची. काकांनी कुंपणाचा जुना दगडी गडगा पाडून चिऱ्यांचा नवा बांधायला घेतला, तेव्हा मधे पेरूचं झाड आलं. गवंड्याने विचारलं, "झाड तोडू काय गडगो सरकवू?" काका झाडाकडे बघत राहिले आणि निकाल राखून ठेवला. गवंडी कितीसा थांबणार? त्याने गडगा हातभर वाटेत सरकवला आणि मजुरी घेऊन गेला. आता वाटेतून माणूस जाई, पण होडीची उलांडी, म्हणजे ती तोल राखायला बाजूला आडवी बांधतात ती, अडकू लागली. होडी पावसात किनाऱ्यावर राहिली तर लाटा तिच्या फळ्या करणार, आणि आमच्या घरात दुसरी कमाई नव्हती.

मी विहिरीवर काकूंना कसंबसं सांगितलं. काका टेप घेऊन धावत आले, वाट मोजली आणि पांढरे पडले. काकू म्हणाल्या, "मग हलवा गडगा, झालं." काका म्हणाले, "कसा हलवू? मी स्वतः पक्षकार आहे. स्वतःच्या खटल्यात निकाल देता येत नाही मला." शेवटी वाडीतल्या जाणत्यांनी ठरवलं, देवाला कौल लावायचा.

समुद्रावर वाऱ्यालाही ओरडून गप्प करणारे आमचे हे त्या सकाळी पांघरूण घेऊन बसले. "जज्जाच्या विरोधात मी? माका ताप इल्यासारखो वाटता. तूच जा." मी गेले आणि देवळात खांबाआड उभी राहिले. गुरवाने पाषाणाला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. एका जाणत्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, जागा सायबांची असात तर उजवो कौल दी!" सगळे ओरडले, "होय म्हाराजा!" आणि उजवी पाकळी टपकन पडली.

"थांबा," काका म्हणाले. "हा निकाल मला मान्य नाही."

"सायबानू, पण तुमीच जिंकलात!"

"म्हणूनच मान्य नाही. दुसरी बाजू देवाला सांगितली कोणी? ती बाई त्या खांबामागे उभी आहे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पदर तोंडाशी धरून आणखी आड सरकले. काका तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले. "सावकाश. मी थांबतो." गुरवाने मला तांब्यातून पाणी दिलं. लोक चुळबुळले, कोणीतरी खोकलं. काका मात्र देवळाच्या छताकडे बघत बसले. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "उलांडी लागता गडग्याक. होडी भायर रवली तर आमी खावचा काय?"

काका उठले. जन्मभर कोर्टाची मराठी बोललेला तो माणूस हात जोडून आमच्या भाषेत देवाशी बोलायला लागला. "बा देवा म्हाराजा! ह्या बायेची वाट माज्या गडग्यान अडवल्यान. वाट तिच्या सासऱ्याची, सासऱ्याच्या बापाशीची. तिची बाजू खरी असात तर डावो कौल दी, म्हाराजा!" सवयीने सगळे ओरडले, "होय म्हाराजा!" आणि मग एकमेकांकडे बघायला लागले.

गुरवाने पडलेली पाकळी पुन्हा लावली, पण आता पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. गुरवाने पुन्हा पाणी शिंपडलं, उन्हं देवळाच्या पायरीवर आली, तरी दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. काकांचा चेहरा हळूहळू फुलला. "बघा! देवानेही निकाल राखून ठेवला. मग तो लागेपर्यंत वाट अडवून ठेवायचा हक्क मला नाही." एवढं म्हणून ते तडक घरी गेले आणि धोतर खोचून, हातात पहार घेऊन गडग्याचा पहिला चिरा स्वतः काढला. त्यांनी इतक्या लवकर दिलेला निकाल मी तेवढाच पाहिला. आमच्या ह्यांचा तापही चिरे उचलायला लागल्यावर उतरला.

पेरू तोडला नाहीच. गडगा दोन्ही बाजूंनी त्याच्यापर्यंत आला आणि थांबला. मधला गडगा म्हणजे ते झाडच. पुढे दरवर्षी होडी ओढताना काका खळ्यात खुर्ची टाकून बसायचे आणि होडी पेरूजवळ आली की हात वर करून ओरडायचे, "थांबा! दुसऱ्या बाजूने बघा आधी, झाडाला लागतं का!" ओढणारे वैतागायचे, हसायचे आणि थांबायचे.

काका गेले. काकू मुलाकडे मुंबईला गेल्या. खळ्यात आता पाला पडतो आणि पेरू पाखरं खातात. होडी मात्र अजून त्याच वाटेने येते, आणि झाडाजवळ आली की कोणी न सांगता माणसं थांबतात. आमचे हे दोरी धरून माझ्याकडे बघतात. मी पेरूच्या पलीकडे जाते, खोडावर हात ठेवून नीट बघते, आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडते, "येवंदे!"