शेवटचे दोन राउंड

भाऊंची सगळ्यांत आवडती गोष्ट मी त्यांना भेटायच्या आधीच ऐकली होती. अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात माझ्या वडिलांचं मोटरसायकलचं गॅरेज होतं. तिथे येणारी पोरं ती सांगायची. भाऊ अमरावतीचे. मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींत देशात पहिले आलेले. तेव्हा ते एका कंपनीच्या टीमकडून गाडी चालवायचे. एका शर्यतीत ते पुढे असताना मॅनेजरने कडेला उभं राहून इशारा केला, की टीममधल्या सीनियरला पुढे जाऊ दे. भाऊंनी उलट रेस वाढवली, जिंकले, आणि त्याच संध्याकाळी कंपनीने गाडी काढून घेतली. हेल्मेट मांडीवर घेऊन ते रेल्वेने बडनेऱ्याला उतरले. मग स्वतःच्या जुन्या गाडीवर पुढच्या वर्षी परत देशात पहिले.

पुढे एका उडीत त्यांचा घोटा चुरला आणि गाडी चालवणं सुटलं. त्यांनी स्वतःची टीम काढली. पेपरवाल्यांना ते एकच सांगायचे, "माझ्या टीममधी कोणाले थांब म्हणणार नाई."

अकोल्याबाहेरच्या एका लहानशा शर्यतीत त्यांनी मला पाहिलं. मी दुसरा आलो होतो. काठी टेकत जवळ आले, माझ्या गाडीची चेन बोटाने वर-खाली करून पाहिली.

"बापाचं गॅरेज हाये म्हणे तुह्या?"

"हो."

"म्हणूनच. तुले गाडीची दया येते. वळणावर तिले जपतोस. ते सोडशीन तर माह्याकडं ये."

मी गेलो. वडिलांना ते फारसं पटलं नाही, पण अडवलंही नाही. अमरावतीत भाऊंच्या घरावरच्या खोलीत आम्ही टीमची पोरं राहायचो. खाली वहिनींच्या हातचं जेवायचो. गावाबाहेरच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर भाऊंनी मुरूम टाकून ट्रॅक केला होता. पावसाळ्यात बाजूची काळी माती त्यात उतरायची आणि चाकं चिखलाने माखून जायची. भाऊ म्हणायचे, हाच खरा सराव.

शिकवण्यात त्यांच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. क्लचला हात न लावता आख्खी सकाळ गाडी चालवायला लावायचे. उडीवरून चाक जमिनीवर येतं तेव्हा गुडघे कसे सोडायचे, हे स्वतःच्या मोडक्या पायावर उभं राहून दाखवायचे. मी सारखा पुढच्या चाकाकडे बघायचो. ते ओरडायचे नाहीत. गाडी थांबवायला लावून हनुवटी धरून मान वर करायचे, "जायचं हाये तिकडं पाय." माझं खांद्याचं हाड मोडलं तेव्हा दवाखान्यात माझ्या आईच्या आधी भाऊ होते. शर्टाची बटणं लावता येत नव्हती, ती त्यांनी लावून दिली. हे सगळं खरं आहे. नसतं तर पुढचं मी विसरून गेलो असतो.

टीमचा खर्च बियाण्यांचे एक मोठे व्यापारी करायचे. त्यांचा पुतण्या आमच्या टीममध्ये आला. पोरगा वाईट नव्हता. गाडी चांगली चालवायचा, तिसरा-चौथा यायचा, मला दादा म्हणायचा.

त्या वर्षी मोठ्या स्पर्धेची एक फेरी अमरावतीत झाली. घरचं मैदान. माझे आईवडील अकोल्याहून आले होते. लग्न ठरलेलं होतं, म्हणून होणारी बायकोही तिच्या भावासोबत आली होती. सुरुवातीलाच मी पुढे गेलो. मागे दोघे एकमेकांत अडकून पडले आणि पुतण्या दुसरा आला. आमच्यात अंतर होतं, पण तो त्या दिवशी खरंच जोरात होता. प्रत्येक वळणावर त्याच्या गाडीचा आवाज आधीपेक्षा जवळ येत होता.

शेवटचे दोन राउंड राहिले तेव्हा कडेला भाऊ स्वतः पाटी धरून उभे दिसले. पाटीवर माझा नंबर, आणि खाली लिहिलेलं, हळू. मला वाटलं इंजिनातून धूर येत असेल. मी खाली वाकून पाहिलं, आवाज ऐकला, काहीच नव्हतं. पुढच्या राउंडला पाटी तशीच, पण आता खाली पुतण्याचा नंबर आणि वर जाणारा बाण. मी भाऊंकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. मांडवात व्यापारी बसले होते तिकडे त्यांचं तोंड होतं.

मोठ्या उडीनंतर मी रेसची मूठ ढिली केली. पुतण्या डावीकडून गेला.

संपल्यावर हेल्मेट काढून तो आधी माझ्याकडेच आला. "दादा, गाडी बिघडली का तुमची?" त्याला काही माहीत नव्हतं. त्याचा फोटो निघत असताना मी तंबूच्या मागे भाऊंना गाठलं.

"काहून भाऊ?"

"पुढच्या वर्षी टीम पायजे ना तुले?"

"तुमी तर थांबले नव्हते."

त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "मी एकटा होतो. आता माह्या भरवशावर सहा पोट्टे हायेत, दोन मिस्त्री हायेत. त्याचा काका खुश झाला तं आपली टीम हाये. मालक झाल्याशिवाय तुले नाई समजणार."

वाईट याचं की मला समजलं. तिथल्या तिथे समजलं. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या किंवा मान खाली घातली असती तर मी भांडलो असतो. त्यांनी हिशेबी माणसासारखं समजावलं आणि मी हो म्हणून परत आलो. आईने विचारलं, तर गाडी गरम झाली म्हणून सांगितलं.  वडिलांनी इंजिनला हात लावून पाहिला होता, ते नेहमीइतकंच तापलेलं होतं.

पुढच्या मोसमाआधी पुतण्याला मोठ्या शहरातल्या टीमने घेतलं. काकांचे पैसेही त्याच्यासोबत गेले. भाऊंची टीम दिवाळीपर्यंतही टिकली नाही. मिस्त्री आपापल्या गावी गेले, गाड्या विकल्या गेल्या, ट्रॅकवर परत गुरं चरायला लागली. मी अकोल्याला वडिलांच्या गॅरेजवर बसलो. दुसऱ्या टीमसाठी एक-दोन ठिकाणी विचारलं, पण घरच्या मैदानावर शेवटी ढिला पडलेला गडी अशी माझी ओळख झाली होती. लग्न झालं, मुलगी झाली, गॅरेजशेजारी गाड्या धुण्याचं सेंटर टाकलं.

मागच्या हिवाळ्यात भाऊंचा फोन आला. अमरावतीत त्यांचा सत्कार होता. "तुले यायलेच पायजे. सूनबाईले घेऊन ये."

आम्ही गेलो. सभागृह भरलं होतं. मला व्यासपीठावर बसवलं. भाऊ बोलायला उठले आणि थोड्या वेळात माझ्यावर आले.

"हा पुढं होता," ते म्हणाले. "मागं टीममधलाच लहान पोरगा. यानं मागं पायलं आणि त्याले रस्ता देला. मी इचारलं, काय केलं रे हे? तं म्हणे, भाऊ, आपली टीम जिंकली ना."

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. भाऊंनी स्वतः मला शाल घातली आणि माईक हातात दिला. मी भाषण करणारा माणूस नाही. जे होतं ते सांगितलं.

"मी रस्ता दिला नव्हता. भाऊंनी पाटी दाखवली, म्हणून मी गाडी हळू केली. पाटी नसती तर केली नसती."

 मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माईक घेतला. "पाहा," त्या म्हणाल्या, "गुरूच्या एका इशाऱ्यावर हातातला विजय सोडणारा शिष्य." आधीपेक्षा जोरात टाळ्या. मी भाऊंकडे पाहिलं. ते रुमालाने डोळे पुसत होते. ते नाटक नव्हतं. इतकी वर्षं ओळखतो त्यांना. त्यांना ते तसंच झालेलं आठवत होतं.

परत येताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. बायको कपातला चहा फुंकत होती. ती त्या दिवशी मैदानावर होती, पण खरं काय ते तिने लग्नानंतर माझ्याकडून ऐकलं होतं.

"एक इचारू? जितले असते का तुमी?"

"माईत नाई," मी म्हणालो.

खरंच माहीत नाही. तो जवळ येत होता. कदाचित त्याने शेवटच्या वळणावर मला मागे टाकलंच असतं, आणि मी त्याच्याशी हात मिळवून जेवायला गेलो असतो. हरलेल्या शर्यती मला एकही त्रास देत नाहीत. ही देते.

पुढे गाडी चालवता चालवता एक गोष्ट पहिल्यांदाच मनात आली. कंपनीच्या मॅनेजरने इशारा केला आणि भाऊ थांबले नाहीत, हे पाहिलेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. ज्यांनी ज्यांनी ते सांगितलं त्यांनी ते भाऊंच्याच तोंडून ऐकलं होतं. बायकोला मी हे सांगितलं नाही. बोरगावपर्यंत आम्ही मुलीच्या क्लासबद्दल बोलत होतो.

त्या भाषणाचा व्हिडिओ कोणीतरी फिरवला. गाडी धुवायला येणारी माणसं आता माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. एकाने तर मुलाला माझ्या पाया पडायला लावलं. गेल्या आठवड्यात एका शाळेतून फोन आला. मुलांसमोर बोला म्हणाले, विषय त्याग. मी सांगितलं, सर, मी काही त्याग वगैरे केलेला नाही, तुम्ही दुसऱ्या कोणाला बोलवा.

सर हसले. म्हणाले, "किती साधे आहात हो तुम्ही. शनिवारी गाडी पाठवतो."