बेलापूरचा हिटलर

तुमच्या गावात एखादा हिटलर आहे का? हसू नका. कडक मास्तर, तालमीचा वस्ताद, कुणाला तरी हे नाव चिकटलेलं असतंच. बेलापुरात ते भागवतला चिकटलं. गणपतीच्या मिरवणुकीत शिस्त लावायचा, म्हणून पोरांनी त्याला हिटलर केलं. गडी असा फुगला, की टेम्पोच्या पुढच्या काचेवर लाल रेडियममध्ये नाव मिरवू लागला.

मागच्या महिन्यात त्याला पुण्याचं भाडं लागलं. मोझेल नवगावकर आज्जींनी काढलेली चित्रं तिथून नगरच्या संग्रहालयात प्रदर्शनाला न्यायची होती. काठापदराची साडी, हातात हिरव्या बांगड्या. आज्जी काच वाचून जागीच थबकल्या. भागवतला वाटलं, चित्रांची काळजी.

“बिनघोर बसा, आज्जी. हिटलरच्या गाडीत आजवर काच फुटली न्हाई!”

“बारशाचं नाव काय तुझं?”

“भागवत.”

“मग चल, भागवत.”

आज्जी गाडीत चढल्या.

संग्रहालयात गोणपाट सोडताना भागवत चित्रं बघू लागला. शनिवारी बंद ठेवलेला तेलाचा घाणा. मलिद्याच्या ताटाभोवती नऊवारीतल्या बाया.

“हे तर आपलंच हाय की!”

“आपलंच. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. आम्ही ज्यू.”

पुढच्या चित्रात मांडलेली ताटं आणि जेवायला एकटीच बाई.

“ह्या आमच्या डॉक्टरीणबाई. जर्मनीतल्या ज्यू. पळून मुंबईला आल्या, म्हणून वाचल्या. घरच्या बाकी सगळ्यांना हिटलरनं मारलं. लेकरंसुद्धा. ज्यू म्हणून.”

भागवतला हिटलर म्हणजे कडक माणूस, एवढंच ठाऊक. तेवढ्यात टेम्पोची काच वाचून आलेला हमाल दारातून ओरडला, “ए हिटलर, मोठी फ्रेम धर की!”

आज्जींनी मान खाली घातली. लाज कुणाला वाटायची आणि मान कोण खाली घालतंय! भागवतची कानशिलं पेटली.

“आज्जी, मला म्हाईत नव्हतं.”

“कळलं ते मला. म्हणून तर गाडीत बसले.”

त्यापेक्षा दोन कानफटात दिल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं. बाहेर जाऊन त्यानं ब्लेडनं रेडियम खरवडलं. पण डिंक काही निघेना. आता त्याच्यावर धूळ बसते आणि नाव पुन्हा वाचता येतं. पारावरची पोरंही चेकाळलीत. “लई शाना झाला आमचा हिटलर!” तो ओ देत नाही. मान खाली घालून गाडी पुढं काढतो.

श्रीरामपूर-बेलापूर रस्त्याला तो भेटला, तर काचेवरचं वाचू नका. मेहरबानी करा, त्याला भागवत म्हणा.