पिवळ्या जाळीत जोगळेकर काका

शारजा ते दुबई मरीना हे अंतर नकाशावर पस्तीस मिनिटांचं आहे. नकाशा काढणारा बहुतेक सकाळी सात वाजता घराबाहेर पडत नसावा. आम्ही तिघं रोज जाताना सव्वा तास आणि येताना दीड तास एकाच गाडीत असायचो, आणि इतका वेळ तीन मराठी माणसं एका जागी बसली की किस्से आपोआप साचतात. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साचतात तसे. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण कप्पा उघडला की बदाबदा बाहेर पडतात.

तिघं म्हणजे जोगळेकर काका, मी आणि समीर. काका आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर. बांधकामाला काय किती लागेल ते मोजायचं, हे त्यांचं काम. मी त्याच कंपनीत कागदपत्रं सांभाळते. समीर काकांच्या शेजाऱ्यांचा मुलगा, पंचवीस वर्षांचा. जन्म इथलाच, ऑफिस आमच्यासारखंच मरीनाला. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये येतं. तो मागे बसायचा.

आज जो कप्पा उघडतेय त्यात सगळा माल काकांच्या फाइनचा आहे. काकांची परवानगी घेतलेली आहे. "सांग की," म्हणाले, "आता काय राहिलंय!"

*

आधी काका गाडी कशी चालवायचे ते सांगायला हवं.

सिग्नलच्या चौकात रस्त्यावर पिवळ्या रेघांची जाळी आखलेली असते. नियम असा, की पलीकडे आपल्या गाडीपुरती जागा मोकळी दिसली तरच जाळीत शिरायचं. मध्ये अडकलात की कॅमेरा फोटो काढतो आणि फाइन येतो. बाकीचे लोक हा नियम पाळतात. काका त्याची पूजा करतात.

एकदा सिग्नल हिरवा होता, पलीकडे चांगली दीड गाडीची जागा होती, तरी काका जाळीच्या अलीकडे थांबलेले. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ, कुणीतरी काच खाली करून यल्ला, यल्ला ओरडत होतं, म्हणजे अरबीत चला, लवकर. सिग्नल लाल झाला. पुन्हा हिरवा झाला. काका अजून पलीकडची जागा निरखत होते.

मागून समीर म्हणाला, "काका, पीपल आर गेटिंग डाउन फ्रॉम देअर कार्स."

काका शांतपणे म्हणाले, "उतरू देत. चालत लवकर पोचतील."

*

अशा माणसाला फाइन आला. जाळीत थांबल्याचा. आणि तो माझ्यामुळे आला.

झालं असं, की काकांची कंबर धरली आणि डॉक्टरांनी दोन आठवडे गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं, पाचव्या टेस्टला. इथे पाचव्या टेस्टला मिळालं तर लोक पेढे मागतात. काकांनी आपल्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसले. गाडी काकांची, नाव काकांचं, पाय फक्त माझा.

तिसऱ्याच दिवशी ऑफिसच्या अलीकडच्या सिग्नलला मी जाळीत शिरले, डावीकडून एका पिकअपने पुढच्या जागेत नाक घातलं आणि मी बरोबर मधोमध अडकले. चारी बाजूंनी गाड्या माझ्याकडे बघत होत्या. मला घाम फुटला. मागे समीर कानात इयरफोन घालून झोपला होता. त्या घाईत कोण काय बोललं, मी काय दाबलं, काही विचारू नका.

ऑफिसला पोचलो, लिफ्टमध्ये शिरलो आणि काकांच्या फोनवर मेसेज आला. पाचशे दिरहम. काकांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

मी म्हटलं, "काका, सॉरी. पाचशे म्हणजे बारा हजार रुपये झाले हो. मी भरते."

"पैशांचं नाही गं," काका म्हणाले. "बावीस वर्षांत पहिला आहे."

*

हे बावीस वर्षांचं प्रकरण आम्हाला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं. महिनाअखेरीला काका रिटायर होऊन पुण्याला कायमचे परत जाणार होते. त्याआधी गाडी विकायची होती, आणि विकायच्या आधी तिच्या फाइलवरचे सगळे फाइन मिटवावे लागतात. म्हणजे भरा, नाहीतर हरकत घेऊन रद्द करून घ्या. हाताशी तीन आठवडे होते.

मी पुन्हा पुन्हा म्हटलं, भरून टाकू, विषय संपवू. काका ऐकेनात.

"हे बघ वैशाली," एका संध्याकाळी जॅममध्ये ते म्हणाले, "मी इथे मॅनेजर झालो नाही. मरीनात फ्लॅट घेतला नाही. कोरी फाइल आहे, तेवढीच इथून घेऊन जाण्यासारखी आहे. आणि चूक तुझी नाहीच. चूक त्या पिकअपची. आपण शिरलो तेव्हा जागा होती."

मला फार वाईट वाटलं. मागे समीरनेसुद्धा कानातून इयरफोन काढले होते.

काकूंना मात्र या सगळ्यात निराळाच आनंद झाला होता. मी त्यांच्या घरी गेले तर मला आत बोलावून हळूच म्हणाल्या, "बावीस वर्षं ह्यांनी मला सीटबेल्टवरून बोलून घेतलंय. महिनाभर तरी रद्द होऊ देऊ नकोस."

*

हरकत अरबीत लिहिलेली बरी, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं. म्हणून आम्ही टायपिंग सेंटरला गेलो. इथे सरकारी अर्ज लिहून देणारी छोटी छोटी दुकानं असतात. आत एक मल्याळी गृहस्थ बसले होते, तीस वर्षं हेच करणारे. त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि डॉक्टर विचारतो तसं विचारलं, "हां साब, तकलीफ क्या है?"

काका पिकअपचं सांगायला लागले. गृहस्थांनी हात वर केला.

"पिकअप छोडो साब. ऐसे लेटर में दुख लिखना पड़ता है. फिर अफसर का दिल पिघलता है. माँ बीमार है?"

"माँ को जाके नौ साल हुए."

"बच्चे छोटे हैं? स्कूल फीस?"

"एक लड़की है. कॅनडा में है. मेरे से ज्यादा कमाती है."

"तबियत? शुगर, बीपी?"

"कुछ नहीं. कमर थी, वो भी ठीक हो गयी."

"नौकरी जा रही है?"

"नहीं, रिटायरमेंट. पूरा ग्रॅच्युइटी मिलेगा."

गृहस्थांनी कीबोर्ड बाजूला सारला आणि खुर्चीला टेकून बसले. "साब," ते म्हणाले, "आपके पास तो कुछ भी दुख नहीं है. मैं लिखूँ क्या?"

शेवटी पिकअपच लिहिला. पण अगदी नाराजीने.

*

काकांचं मात्र नुसत्या पत्रावर समाधान होईना. क्वांटिटी सर्व्हेयर माणूस, मोजल्याशिवाय झोप येत नाही. जाळीची लांबी किती, पलीकडे जागा किती, पिकअप किती लांबीचा, याचं ड्रॉइंग जोडायचं त्यांच्या डोक्यात बसलं.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही त्या सिग्नलला पोचलो. काकांनी सवयीने साइटवरचं हेल्मेट आणि चकाकणारं जॅकेट घातलं होतं. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन ते चक्क रस्त्यात उतरले. इथे भलत्या जागी रस्ता ओलांडला तरी दंड होतो. मी फुटपाथवर टोक धरून देवाचं नाव घेत होते.

आणि पोलिसांची गाडी आली.

एक फाइन घालवायला आलो आणि दुसरा घेऊन जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पोलिसाने काच खाली केली. काकांच्या हेल्मेटकडे बघितलं, जॅकेटकडे बघितलं, टेपकडे बघितलं. मग त्याने आपली गाडी आडवी लावली, वरचे निळे दिवे सुरू केले आणि आमच्यासाठी अख्खी लेन बंद केली.

"कितना टाइम लगेगा?" त्याने विचारलं.

"बस, दस मिनट," काका म्हणाले, आणि खरंच दहा मिनिटं घेतली. लांबी दोनदा मोजली, कर्ण मोजला. निघताना पोलिसाला हात केला, त्यानेही केला.

गाडीत बसल्यावर काका वहीत आकडे लिहीत म्हणाले, "बघितलंस? या देशात कामाची कदर आहे."

*

ड्रॉइंगसकट हरकत गेली आणि काय आश्चर्य, भेटायला या असा मेसेज आला. तारीख काका जाण्याच्या आठ दिवस आधीची.

समीरने ठरवलं, काकांची तयारी करून घ्यायची. रोज येताना तो मागच्या सीटवर अधिकारी व्हायचा.

"मिस्टर जोगळेकर, व्हाय डिड यू स्टॉप इन द बॉक्स?"

"त्याचं असं आहे," काका सुरू करायचे, "मी या देशात आलो तेव्हा हा रस्ताच नव्हता. इथे नुसती वाळू होती..."

"काका, दॅट्स नॉट अ रीझन."

"अरे, पार्श्वभूमी सांगतोय."

"शॉर्ट आन्सर्स, काका. प्लीज."

तिसऱ्या दिवशी शारजा आलं तरी काका वाळूतून बाहेर पडले नव्हते. समीर दार उघडता उघडता म्हणाला, "आय विल कॅन्सल युअर फाइन. जस्ट लेट मी गो होम."

पण त्यानेच मोठं काम केलं. काकांच्या गाडीत पुढे जो छोटा कॅमेरा होता, तो समीरनेच वाढदिवसाला दिलेला. त्यात त्या दिवसाचं रेकॉर्डिंग सापडलं. काकांनी ती क्लिप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अकरा वेळा पाहिली. आमच्या कॉम्प्युटरना स्पीकर नाहीत, पण बघायचं होतं ते स्वच्छ दिसत होतं. आमच्या पुढे जागा होती, आणि डावीकडून पिकअप घुसला. काकांचा चेहरा मी इतका खुललेला कधी पाहिला नव्हता. क्लिप पेनड्राइव्हवर घातली, पेनड्राइव्ह पाकिटात, पाकीट शर्टाच्या खिशात.

*

आता ऑफिसात अजूनही लोक ज्याची फर्माईश करतात, तो किस्सा.

भेटीच्या दिवशी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. गाडी मी चालवत होते म्हणून मलाही बोलावलं होतं. अधिकारी तरुण होता, पांढरा पायघोळ कंदुरा, हसरा चेहरा, आणि आपल्याहून चांगली हिंदी. त्याने आधी काकांची फाइल उघडली, माऊसने खाली खाली जात राहिला आणि थांबला.

"बावीस साल में कुछ भी नहीं?"

"कुछ भी नहीं," काका म्हणाले. समीरला अभिमान वाटला असता इतकं छोटं उत्तर.

"माशाल्ला," अधिकारी म्हणाला. त्याने ड्रॉइंग हातात घेतलं, उलटं सुलटं करून बघितलं, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही दाखवलं. मला वाटलं, झालं काम. काकांनाही वाटलं असणार, कारण ते खुर्चीत जरा पुढे सरकले.

"बस एक बात पूछनी है, बाबा. सिग्नल पे जल्दी थी क्या? जल्दी में अंदर घुसे?"

"सर," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज चांगलाच चढला, "मेरी गाड़ी में जल्दी कोई नहीं करता. बावीस साल में किसी ने नहीं किया. आप व्हिडिओ देखिये."

त्याने पेनड्राइव्ह लावला. चित्र सुरू झालं. आणि त्याच्या कॉम्प्युटरला स्पीकर होते.

आधी माझा आवाज आला, घाबरलेला. "काका, पुढची जागा पुरेल असं वाटत नाहीये. थांबू का?"

मग काकांचा. खणखणीत. "अगं थांबतेस काय! मीटिंगला उशीर होतोय. घाल घाल, यल्ला, यल्ला, होतंय बघ!"

मग ब्रेक, मग सगळीकडून हॉर्न.

मला ती सकाळ आता लख्ख आठवली. काकांकडे बघायचं धाडस होईना, तरी बघितलं. ते स्क्रीनकडे बघत तसेच बसले होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. या माणसाने माझ्यावर एकदाही बोट रोखलं नव्हतं. रविवारी सकाळी माझ्यासाठी रस्त्यात उतरून जाळी मोजली होती.

अधिकाऱ्याने क्लिप थांबवली आणि माझ्याकडे वळला. "मैडम, ये आपकी कौनसी भाषा है? बाबा क्या बोल रहे हैं?"

मी आयुष्यात इतकं सरळ तोंड करून खोटं बोलले नव्हते. म्हटलं, "सर, मराठी है. काका बोल रहे हैं, धीरे चलो. जगह नहीं है, रुक जाओ."

त्याने मान डोलावली. क्लिप थोडी मागे नेली, तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला, आणि अगदी प्रेमाने माझ्याकडे बघून म्हणाला, "मैडम, बाकी सब तो आपका है, मुझे नहीं आता. लेकिन यल्ला हमारा है."

काका उठले. शर्ट नीट केला, खिशातून कार्ड काढलं आणि म्हणाले, "सर, पेमेंट किधर करना है?"