दाखल्यावरचा जून

माझ्या मुलाचा खरा जन्म मार्गशीर्षातला, म्हणजे डिसेंबर १९३१ चा. शाळेच्या दाखल्यावरचा जून १९३२ चा. त्याने लोकसभेसाठी भरलेल्या अर्जाची छाननी १९५७ च्या आरंभी झाली. या दोन तारखांना जबाबदार इसम दोन: दाखल्याच्या अर्जावर सही करणारा मी, आणि ती तारीख सुचवणारे मुख्याध्यापक.

शाळेत नाव घालताना तेच म्हणाले होते, "राव, सहा महिने पुढचे लिहा. तेवढीच नोकरी लांबेल. पत्रिका देवाला दाखवा, दाखला सरकारला!" आम्ही दोघेही हसलो. तंजावरहून मद्रासला आलेल्या आम्हा कारकुनांच्या घरांत ही रीतच होती. मी कोर्टातला शिरस्तेदार. तरी सही केली.

लोकसभेच्या उमेदवाराला राज्यघटना पंचवीस वर्षे पूर्ण मागते. मुलाला ती झाली होती. दाखल्याप्रमाणे काही महिने कमी पडत होते. प्रतिस्पर्ध्याने नेमकी हीच हरकत घेतली, तेव्हा मी मुख्याध्यापकांचे अड्यारचे घर गाठले. "उद्या येतो आणि काय घडलं ते सांगतो. पोरगा माझाही आहे," असे ते म्हणाले.

आले. शाळेचे रजिस्टर घेऊन आले. माझ्याशी उभा जन्म मराठीत बोललेले हे गृहस्थ छाननी करणाऱ्या निवडणूक अधिकाऱ्यापुढे, माझ्याकडे न पाहता, तमिळमध्ये म्हणाले, "वडिलांनी सांगितलं, ते मी लिहिलं. सही त्यांचीच आहे."

अधिकाऱ्याने विचारले, "तुमची सही?"

"होय. पण खरा जन्म यात आहे," म्हणत मी मुलाची पत्रिका पुढे केली.

"मग खोटं तेव्हा बोललात, की आता बोलता आहात?"

हा प्रश्न मी तीस वर्षे वकिलांच्या तोंडून ऐकत आलो होतो. "तेव्हा," मी म्हणालो. अधिकाऱ्याने पत्रिका उलगडूनही पाहिली नाही. अर्ज फेटाळला गेला.

जिना उतरताना मुलगा म्हणाला, "अप्पा, त्यांनी सुचवलं असं तुम्ही म्हणता. कागदावर तर तुम्हीच आहात." एवढेच. त्यानंतर निवडणुकीचा विषय त्याने घरात काढला नाही, आणि माझ्या कोणत्याही शब्दावर त्याने पूर्ण विश्वास ठेवल्याचे मला जाणवले नाही.

मुख्याध्यापकांना मी सात पत्रे पाठवली. रजिस्टर्ड पत्रांच्या पोचपावत्या त्यांच्या सहीने परत आल्या. उत्तर एकाचेही नाही. म्हणून माझा अपराध मी येथे छापून कबूल करतो आहे. मुख्याध्यापक, ती तारीख कोणाची होती? माझ्या मुलाला वाचता येईल अशा ठिकाणी, स्वतःच्या नावानिशी, छापून उत्तर द्या.