मागच्या जिन्याचं कुलूप

फॉर्म मीच भरला होता, हे आधी सांगून टाकते.

आमच्या चेरीतालच्या घरात वरच्या मजल्यावर चार मुली भाड्याने राहतात, नेपियर टाउनच्या कोचिंग क्लासला जातात. अशा घरांना आता लायसन्स लागणार, तपासणी होणार असं कळलं, तेव्हा बाबांनी फॉर्म माझ्यापुढे टाकला. "तू भर. इंग्लिश मीडियममध्ये काहून टाकलं होतं तुला?"

मी भरत गेले. खोल्या, बाथरूम, आग विझवायचा सिलिंडर. मग रकाना आला: बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का?

"आहे ना. मागचा जिना."

जिना आहे. त्याच्या दाराला बाहेरून कुलूप असतं आणि किल्ली खाली, आमच्या देवघरातल्या खिळ्याला. मुलींना मागून कोणी भेटायला येऊ नये म्हणून. माझं पेन थांबलं. बाबांनी बघितलं. मी 'होय' लिहिलं.

गेल्या उन्हाळ्यात पुढच्या जिन्याखालचं मीटर जळालं होतं. जिना धुराने भरला, आणि वर मुली मागचं दार बडवायला लागल्या. मंडल्याहून आलेली, त्यांच्यातली सगळ्यात मोठी दीदी ओरडत होती, "अंकल, चाबी! चाबी!" आई किल्ली घेऊन धावली. मुली खोकत खाली आल्या. बाबा तेव्हापासून म्हणतात, "काही झालं का? नाही झालं ना?" त्याच संध्याकाळी त्यांनी कुलूप परत लावलं.

याच बाबांनी सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली. वरण-भात कालवताना अजून अभिमानाने सांगतात: आमच्या शेडचं दार आतून नुसतं ढकललं की उघडायचं. आत माणूस असताना कोणी बाहेरून कडी घातली, तर कडी घालणाऱ्याची खैर नव्हती.

तपासणीला साहेब आले ते सकाळी. पोहे खाल्ले, सिलिंडरवरची तारीख वाचली, वर गेले. मागचं दार ढकलून बघितलं. हललं नाही.

"ये बंद क्यों है?"

"लड़कियाँ हैं, साहब. सेफ्टी के लिए."

"ये अच्छा किया आपने. आजकल इतना ध्यान कौन रखता है?" आणि कागदावर टिक केली.

दीदी तिच्या खोलीच्या दारात उभी होती. ती साहेबांकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला चार माणसांत बोलता येत नाही. तरी बोलले. "चाबी नीचे रहती है. इनके पास नहीं होती."

साहेब हसले. "बिटिया होशियार है. एक चाबी ऊपर टाँग दीजिए, बस."

बाहेरच्या कुलपाची किल्ली आत टांगून कोणाच्या काय कामाची? हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. किंवा सुचलं, आणि चहा गार होत होता.

साहेब गेल्यावर बाबा माझ्यावर घसरले. "मधात बोलायची काय गरज होती? लायसन्स अटकलं असतं म्हणजे?"

"तुमच्या शेडला कुलूप होतं का?"

"ते वेगळं. तिथं बारूद होती."

"इथं मुली आहेत."

"तेच सांगून राहिलो ना! बाहेर काही कमी-जास्त झालं तर लोक मला विचारतील."

म्हणजे बाहेर काय होतं ते लोक विचारतील. आत धुरात काय होतं ते कोणी विचारणार नाही, त्या कागदावर तर टिक आहे. आणि टिकेच्या शेजारी माझं अक्षर.

मी देवघरातली किल्ली घेतली, बाबांच्या पेटीतला पेचकस घेतला आणि मागच्या जिन्याने वर गेले. कुलूप काढलं, मग कोयंडा. एक स्क्रू गंजलेला होता, तळहात सोलला. दार उघडलं तर आत दीदी. "अंदर से कड़ी लगा लिया करो," मी म्हटलं. तिने माझ्या हातातले स्क्रू मोजल्यासारखे बघितले आणि लगेच कडी घालून, काढून बघितली. दोनदा.

खाली येऊन सगळं लोखंड बाबांपुढे ठेवलं. त्यांनी कोयंडा उचलून उलटापालटा बघितला. मग म्हणाले, "आपल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या दुकानात नवीन मिळते."

"आणा. मी परत काढीन."

आई आतून म्हणाली, "चलो, जेवून घ्या आता." कोणी उठलं नाही.

पेचकस मी पेटीत परत ठेवला नाही. माझ्या बॅगेत आहे.