चंदनाच्या बहिणीचं वाक्य

पद्मजा हेर्लेकर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत, आणि त्या काळी, म्हणजे सत्तरच्या आसपास, कोल्हापूरच्या पेठेत इंग्रजी येणाऱ्या बाईला जरा वेगळाच मान होता. कुणाकडे तार आली की लोक आधी ती बाईंना दाखवत आणि मग रडायचं की पेढे आणायचे ते ठरवत. बाईंना हा मान आवडे. आवडू नये असं त्यात काही नव्हतं. पण कौतुकाची सवय लागली की भल्याभल्यांच्या जिभेला हाड राहत नाही, तशी बाईंची गत झाली.

बाकीच्या शिक्षिका पुस्तकातली वाक्यं घोकून घेत. रामा गोज टू स्कूल, गोपाळ ईट्स अ मँगो. कोण हा रामा आणि कधी संपणार त्याची शाळा, असं बाईंना वाटे. त्या वर्गातल्या मुलींचीच नावं घेऊन फळ्यावर इंग्रजी वाक्यं लिहीत, आणि जिच्याकडे बोट जाईल तिनं उभं राहून ते वाक्य मराठीत खणखणीत सांगायचं. लीलाच्या घरची मारकी म्हैस, श्यामलाचा बेसूर पेटीवादनाचा क्लास, सगळं फळ्यावर येऊन गेलं होतं. मुली खूश असत. तपासणीला आलेल्या साहेबांनीसुद्धा मान डोलावली होती.

त्या वर्षी अकरावीच्या एका धड्यात स्ट्रगल, स्ट्राइव्ह, कोप, ओव्हरकम असे शब्द आले. या शब्दांवर बाईंचा फार जीव. वडील लवकर गेलेले, आईनं पापड लाटलेले, बाईंनी शिकवण्या करून दोन भावांना मार्गी लावलेलं आणि त्या धांदलीत स्वतःचं लग्न राहून गेलेलं. मराठीत याला नुसतं दिवस काढणं म्हणतात. त्याच गोष्टीला स्ट्रगल म्हटलं की बाईंची मान आपोआप ताठ होई.

त्याच आठवड्यात चंदना चौगुले गृहपाठ न करता आली. गुळाच्या अडतीत बसणाऱ्या बाहुबली चौगुल्यांची ही धाकटी मुलगी, अबोल आणि नीटनेटकी. बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा ती रडली आणि बोलून गेली. थोरली बहीण राजमती इचलकरंजीहून औषधपाण्यासाठी माहेरी आलीय असं गल्लीत सांगितलं होतं. खरं म्हणजे सासूशी पटेना म्हणून नवऱ्यानंच तिला आणून सोडली होती. ती दिवसभर शिवणाच्या मशिनवर बसायची आणि कुणी आलं की आत जायची.

"कुणाला सांगू नका बाई," चंदना म्हणाली. "आण्णा मला जित्ती ठेवायचे न्हाईत."

"वेडी आहेस का?" बाई म्हणाल्या, आणि त्या क्षणी त्यांच्या मनात खरोखर काही नव्हतं.

पण रात्रभर त्यांना ती न पाहिलेली राजमती दिसत राहिली. एवढी टाकलेली पोर, तरी मशीन चालवतेय. आपल्यातलीच एक, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी तास रंगात आला, स्ट्रगलला वाक्य हवं होतं, आणि बाईंच्या हातानं लिहिलं की चंदनाच्या बहिणीला नवऱ्यानं घालवून दिलं, पण ती धैर्यानं स्ट्रगल करते आहे. इंग्रजीत ते वाक्य इतकं देखणं दिसत होतं की त्यात कुणाची अब्रू आहे हे बाईंच्या ध्यानातच आलं नाही. इंग्रजीत घातलं की गोष्ट कुणाचीच राहत नाही, असा त्यांचा एक आपला समज होता. सवयीनं त्यांचं बोट वर गेलं.

श्यामला उठली. ती चंदनाच्याच गल्लीतली. "चंदनाच्या भनीला नवऱ्यानं टाकलीया," ती खणखणीत म्हणाली, "पण ती झगडतीया."

चंदनानं मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. बाईंनी फळा पुसला. पण फळा पुसून काय होणार? श्यामला संध्याकाळी घरी जाणारच होती.

चंदना शाळेत यायची बंद झाली. आठवडा गेला तशा बाई मनाचा हिय्या करून चौगुल्यांच्या घरी गेल्या. चंदनाची आई सीताबाई दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"तुमच्या पाया पडतो बाई, आता आनि काय लिवायचं राहिलंय?" ती म्हणाली.

आतून राजमती आली. बाईंनी मनात जी उभी केली होती तसली ही नव्हतीच. किडकिडीत, घाबरट चेहऱ्याची, बोटाला सुई लागून चिंधी बांधलेली. तिनंच बाईंना बसायला पाट दिला आणि सगळं सांगितलं. एका नातेवाइकानं मध्ये पडून मिटवत आणलं होतं. पर्युषण झालं की सासरचा माणूस न्यायला येणार होता. सासूची अट एकच होती, की आपल्या घरची सून माहेरी बसली हे कुठं बोभाटा होता कामा नये. आता गल्लीतनं ते इचलकरंजीपर्यंत पोचलं होतं आणि सासूनं निरोप धाडला होता की राहू दे तिकडंच.

"तुझं मला फार कौतुक वाटलं गं, म्हणून लिहिलं," बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"कौतुक कशाचं बाई?" राजमती म्हणाली. "मला कुठं झगडायचं हुतं? मला नांदायचं हुतं."

जन्मभर ज्या शब्दांनी बाईंनी स्वतःला सावरलं होतं, ते त्यांनी या पोरीला न विचारता तिच्या गळ्यात बांधले होते. राजमतीच म्हणाली, "तुमी जाऊन सांगशीला काय त्यांना? ते वाक्य आपलं मनानंच केलंतं म्हनून?"

जन्मात खोटं न बोललेल्या बाई रविवारी एसटीनं इचलकरंजीला गेल्या. यंत्रमागाच्या शेडला लागूनच घर होतं. खडखडाट एवढा की सासूबाईंच्या कानाशी ओरडून खोटं बोलावं लागलं. शिकवायला म्हणून आम्ही अशी कल्पनेतली वाक्यं करतो, त्यात खरं काही नसतं, असं बाईंनी दोनदा सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, ताकाचा पेला पुढं केला.

"बाई, तुमी शिकलेल्या," त्या म्हणाल्या. "कल्पनेतलं असतं तर सुट्टीचं एसटीत धक्के खात हितवर आला असता व्हय? ताक घ्या. पोरीला आमी न्हेत न्हाई."

परत येताना बाईंनी सांगायचं कसं याचीच उजळणी केली. चौगुल्यांच्या दारात राजमती वाटच पाहत होती. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि उजळणी केलेलं सगळं तसंच राहिलं.

"बघतो म्हणाल्या," बाई बोलून गेल्या.

चंदना पुन्हा शाळेत येऊ लागली. बाईंना वाटलं, चला, एवढं तरी सावरलं. फळ्यावर आता रामाच शाळेत जात होता आणि गोपाळ आंबा खात होता. मुली पेंगत होत्या. राजमतीला कधीतरी आपोआप कळेल, असं बाई स्वतःला समजावत. भित्र्या माणसाला आपोआप या शब्दाचा फार आधार असतो.

भाऊबीज झाल्यावर शाळा उघडली, आणि तास संपल्यावर चंदना टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, ताईनं ट्रंक भरून ठेवलीया. ते न्यायला कवा येनार, ताईच्या सासूबाई काय बोलल्या हुत्या काय?"

त्या संध्याकाळी बाई गेल्या. सीताबाईंसमोर, चंदनासमोर, उभ्यानंच त्यांनी सासूबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मला धीर झाला नाही, असंही सांगितलं. सीताबाई आत गेली. राजमतीनं ट्रंक उघडली, वरचं पातळ काढलं. घडी न मोडलेलं, कडक. ते मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

"त्याच दिशी सांगायचं हुतं की हो बाई," ती म्हणाली. "आण्णांची वढाताण असतानी मी जायला म्हनून नवं पातळ मागून घेतलं."