पलटणीचे पंडितजी आणि मिथुनची वंदना

समोरच्या फ्लॅटमध्ये फौजेतला निवृत्त सुभेदार मेजर राहायला येणार म्हटल्यावर आमची घाटकोपरची अख्खी बिल्डिंग खूश. चला, पार्किंगवाले तरी सरळ होतील! आणि आले कोण, तर पोट सुटलेले, मऊ बोलणारे चंद्रप्रकाश गुरव. कुणावर कधी बंदूक रोखली नाही म्हणे. पलटणीचे धर्मगुरू. जवान त्यांना पंडितजी म्हणायचे.

त्यांचे वडील मिलमध्ये, घराणं मूळ कोकणातल्या देवळाच्या गुरवांचं. गुरवकाकांनी संस्कृतात पदवी घेतली आणि फौजेत शिरले. मला वाटायचं, आरामाची नोकरी, घंटा वाजवा नि पगार घ्या. तसं तोंडावर बोललेही. काका नुसते हसले. रविवारची मंदिर परेड, नव्या पोरांना शपथ, हे दिसणारं काम. खरं काम म्हणजे इस्पितळात पाय गेलेल्या पोराजवळ बसायचं. कोणाचं घरी बिनसलंय, कोण जेवत नाही, हे हेरायचं आणि त्याच्या सुट्टीसाठी साहेबाचं डोकं खायचं. बढत्या घेत घेत वरच्या हुद्द्यावर पोचले, पण डोकं खाणं काही सुटलं नाही.

आमचं आणि त्यांचं मात्र वेगळंच दुखणं होतं. माझा भाऊ मिथुन त्यांच्याच पलटणीत. काही वर्षांपूर्वी बर्फाचा कडा कोसळला, त्यात गेला. सापडलाच नाही. पलटणीनं तिथेच बर्फावर उभं राहून प्रार्थना केली, एवढंच आम्हाला कळवलं. घरी आम्ही भन्तेजींना बोलावून सगळं रीतसर केलं. पण आईच्या मनातून ते जाईना. आम्ही बौद्ध माणसं. माझ्या लेकराला त्या भटजीनं काय ऐकवून निरोप दिला? काका पहिल्याच दिवशी पेढे घेऊन आले, कोण-कुठले ते सांगितलं, तर आमच्या सोनूबाईंनी, म्हणजे आईनं, धाडकन दार लावून घेतलं.

मिथुनच्या स्मृतिदिनाला मी काकांना लिफ्टपाशी गाठलं. "काका, आज घरी या. आई विचारणार तुम्हाला. सरळ सांगून टाका, मिथुनसाठी बुद्धाचं त्रिसरण म्हटलं होतं. तिच्या जिवाला बरं वाटेल ना."

"बघतो गं," म्हणाले.

आले. चपला बाहेर काढल्या आणि दारातच उभे राहिले. आईनं विचारलंच.

"नाही म्हटलं, माई. मला येतच नव्हतं. सगळ्यांसाठी म्हणायचो तोच गीतेचा अध्याय म्हटला."

झालं! लागली वाट. असा संताप आला मला! एक खोटं बोलायला या माणसाचं काय जात होतं?

"नंतर मिथुनचा दोस्त विशाल मला म्हणाला, पंडितजी, हे त्याचं नव्हतं. मला मान वर करवेना. मग विशालकडूनच शिकलो. पुढे जिथे बदली झाली, तिथे बौद्ध पोरांसाठी तेच म्हटलं."

"आणि माझ्या लेकरासाठी?"

"नाही, माई. बर्फातल्या त्या चौकीवर परत गेलोच नाही."

मी म्हटलं, आता ही बाई वाटेल ते बोलते की काय. आईनं पायानं चटई पुढे सरकवली.

"ये आत. आता म्हण."

काका मिथुनच्या फोटोसमोर बसले, हात जोडले. शेकडो पोरांना शपथ देणारा माणूस, पण "बुद्धं सरणं गच्छामि" कसंबसं पुटपुटल्यासारखं निघालं.

"मोठ्यानं म्हण रे," आई रडत म्हणाली. "लांब आहे माझं पोर."

आत्मा-बित्मा आम्ही मानत नाही, आईनंच मला ते शिकवलंय. पण मीही काकांबरोबर मोठ्यानं म्हणू लागले.